एका कंदिलाच्या सात गाड्या

सोमवार, दिनांक १७ जानेवारी १९३८. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. चिठ्ठ्या अठरा.

कचेरीच्या शिपायाने सायकल लिंबाला टेकवली, पायजम्याचे चिमटे काढून खिशात टाकले आणि वॉरंटाचा कागद उघडून ही संख्या दोनदा वाचली. सुपडू गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला होता. चाकाची खीळ, म्हणजे कुणी, काढून त्याने आसाला वंगण घालायला घेतले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते, त्यामुळे तो उठला तरी त्याला नमस्कार करता येईना.

"सुपडू, चिठ्ठ्या कोठे शेतस?"

"कोनत्या चिठ्ठ्या?"

"रस्तावर पोलीसनी दिध्यात त्या. तीन येळा. सहा-सहा."

"त्या?" सुपडूचा चेहरा उजळला. "त्या ते व्हई गयात ना. त्यानी नाव इचारं, मी सांगं, त्यानी लिखं आन् कागद मन्हा हातमा दिधा. जकातना नाकावर देतस तसा."

शिपाई हसला नाही. तो स्वतःही जवळच्याच गावचा होता. "नाकाना कागद पैसा भरावर भेटस, भाऊ. हाऊ कागद पैसा भराले भेटस. तीन समन्स गयात, तू उना नही. आते वॉरंट शे."

समन्सेही आली होती. ती सुपडूने त्याच चिठ्ठ्यांत ठेवली होती.

त्याच्या बायकोने, मोतीबाईने, आतून चिठ्ठ्या आणल्या. भुकटीच्या बरण्यांची तोंडे तिने त्यांनीच बांधली होती. सतरा निघाल्या, मिरचीने लाल झालेल्या. अठरावी सुपडूच्या चंचीत सापडली. तिच्यात चुना होता. शिपायाने ती बोटाच्या नखाने खरवडून स्वच्छ केली आणि ओट्यावर सहा-सहाच्या तीन ओळी मांडल्या. गुन्हा सगळीकडे एकच: रात्री रस्त्यावर गाडीला दिवा नसणे. नाव सगळीकडे एकच.

"एका चिठ्ठीले पाच रुप्या दंड पडू शकस," शिपाई म्हणाला. "अठ्ठावीस तारीखले कोर्टमा हाजीर व्हयना नही, नाहीते दंड भरा नही, ते गाडी आन् बैलजोडी जप्त. आज मी फक्त याद करी जास."

मग त्याने याद, म्हणजे जप्तीची यादी, केली. लाख्या बैलाची उंची वीत लावून मोजली. तांबड्याचा जबडा उघडून दात मोजले. दोन्ही बैलांच्या शिंगांचा आकार, शेपटीचा गोंडा, डाव्या खुराची चीर, सारे लिहिले. तांबड्याला परक्या माणसाने तोंडात हात घातलेला खपत नसे. त्याने मान झटकली, तेव्हा सुपडूलाच त्याची वेसण धरून उभे राहावे लागले. आपला बैल दुसऱ्याच्या वहीत नीट उतरावा म्हणून तो स्वतः वेसण धरून उभा आहे, हे शेजारच्या तीन ओट्यांवरून दिसत होते.

मोतीबाई दारात होती. शिपाई गेल्यावर तिने विचारले, "तुम्हना गाडीले ते कंदील व्हता ना?"

"व्हता."

"मंग ह्या अठरा कोनत्या?"

सुपडूने आसाला वंगण लावायला पुन्हा सुरुवात केली. "बाकीसन्या."

रनाळ्याहून नंदुरबारच्या जिनावर, सरकी काढण्याच्या कारखान्यावर, कापूस नेण्याची रीत अशी होती. सात गाड्या मध्यरात्रीनंतर एका ओळीने निघत. अंतर पाच कोस. कंदील फक्त पहिल्या गाडीच्या साट्याखाली, आसाच्या मागे टांगलेला असे, म्हणजे त्याचा उजेड मागे पडे. दुसऱ्या गाडीचे बैल त्या उजेडावर चालत, तिसऱ्या गाडीचे बैल दुसऱ्या गाडीच्या मागच्या फळीला नाक लावून चालत, आणि याप्रमाणे सातव्या गाडीपर्यंत. मागचे सहा गाडीवान कापसाच्या बोचक्यांवर घोंगडी घेऊन झोपत. जागा असे तो एकटा पहिला. या जागरणाबद्दल सहाही जण त्याला आठवड्याला एकेक पळी घासलेट देत आणि जिनाच्या काट्यावर त्याची गाडी आधी लावू देत. त्याबदल्यात नाक्यावर, रस्त्यावर, काट्यावर कोणी काही विचारले, तर सातही गाड्यांचा जबाब पहिला देई. झोपलेल्यांना उठवीत नसत. सुपडूच्या आधी त्याचा मामा पहिला होता. त्याच्याही आधी कोणीतरी होता, त्याचे नाव आता कोणाला आठवत नव्हते.

गेल्या नोव्हेंबरात दोनदा आणि डिसेंबरात एकदा नवव्या मैलाच्या दगडापाशी नवा पोलीस हवालदार उभा होता. त्याने विचारले, गाड्या कोणाच्या? सुपडूने नेहमीप्रमाणे सांगितले, मन्ह्या.

दुपारी विहिरीवर इतर गाडीवान जमले. मगन त्यांत वयाने लहान, पण बैल त्याचे सर्वांत तेज. तो थारोळ्याच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडून बोलत होता.

"आम्ही तुले तेल देतस ना, सुपडूभाऊ? हप्ताले पयीभर? मंग तेलनी धार तू लिधी, आन् चिठ्ठी आम्हना बापनी लेवानी?"

"मी कोठे सांगं तू ले म्हनीसन?"

"तू सांगाव नही. पन वहिनी सांगी. बायकासनं तोंड कोन धरी?"

कोणीतरी हसले. सुपडूने दोर हातावर गुंडाळला. पोहरा अर्ध्यावर होता, तो त्याने पुन्हा सोडला आणि पुन्हा ओढू लागला.

चैत्या सर्वांत शेवटी, चिंचेखाली उभा होता. तो डोंगराकडचा भिल्ल, सहा वर्षांपासून गावच्या व्यापाऱ्याकडे सालाने होता आणि व्यापाऱ्याची गाडी हाकत असे. ओळीत त्याची गाडी सहावी. त्याचे नाव पोलीस पाटलाच्या हजेरीच्या वहीत होते. दिवस मावळताना त्याने चावडीपुढे उभे राहून आवाज द्यायचा आणि सूर्य उगवेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही, असा हुकूम होता. त्याच्या चुलत्याने तो एकदा मोडला. तो धुळ्याच्या तुरुंगात नऊ महिने होता, आणि परत आला तेव्हा त्याला भाकरी चावता येत नव्हती. तरीही चैत्या आवाज देऊन मध्यरात्री गाडीवर येई, कारण व्यापाऱ्याला गाडी हवी असे. व्यापारी हुकूम माहीत नसल्यासारखे वागे. पाटीलही तसेच वागे. जोवर कोणी विचारीत नव्हते, तोवर हे चालत होते.

सारे गेल्यावर चैत्या सुपडूजवळ आला. "दादा, मी डोंगरमा जाऊ का निंघी?"

"सीजनमा? आन् गाडी कोन हाकी?"

"मन्हं नाव कागदवर उनं ते…"

"कागदवर मन्हं नाव शे," सुपडू म्हणाला. "पानी पाज बैलसले. उनमा उभा राहू नको."

बुधवारी तो मोतीबाईला घेऊन नंदुरबारला वकिलाकडे गेला. प्रेमचंद वकिलांचे घर बाजारपेठेमागच्या गल्लीत होते. पुढे बैठक, मागे अर्धी बांधलेली खोली. वकील काळी टोपी आणि कोट घालून गादीवर बसले होते, पायात मात्र लोकरी मोजे होते. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा डोळ्यांजवळ नेला आणि त्यांना शिंका आल्या. एकामागून एक पाच. मोतीबाईने पदर तोंडाला लावला.

"मिरची शे, साहेब," सुपडू म्हणाला. "लौंगी."

वकिलांनी डोळे पुसले, चिठ्ठ्या हातभर लांब धरल्या आणि वाचू लागले. हळूहळू त्यांच्या शिंका, खोकला, सारे थांबले.

"इकडे ये. हे बघ. वेळ, पहाटे चार वाजून दहा मिनिटे. सहाही चिठ्ठ्यांवर तीच. मैल नववा. सहाही चिठ्ठ्यांवर तोच. गाडी हाकणाऱ्याचे नाव सुपडू. सहाही चिठ्ठ्यांवर तेच. आता मला सांग, एका वेळी तू किती गाड्या हाकतोस?"

"एक."

"आणि तुझ्या त्या एका गाडीला कंदील होता?"

"व्हता ना. मीच कंदीलवाला."

वकिलांनी चिठ्ठ्या मांडीवर ठेवल्या आणि त्यांवर तळहात टेकला. "हवालदाराने तुला सहा देह आणि बारा हात देऊन ठेवले आहेत. हे टिकणार नाही. कोर्टात तू एकच वाक्य बोलायचे. मी माझी गाडी हाकत होतो आणि माझ्या गाडीला कंदील होता. म्हण."

"मी मन्ही गाडी हाकत व्हतू आन्…"

"चालेल. पुढे एक शब्द नाही. बाकी गाड्या कोणाच्या असे कोणी विचारले, तर तोंड बंद. आरोपीने उत्तर दिलेच पाहिजे असे नाही."

"चूप बसू?" सुपडूने मोतीबाईकडे पाहिले. "मोठा साहेब इचारी, आन् मी चूप बसू?"

"बैल हवेत ना?"

"हवेत," मोतीबाई म्हणाली.

फीची गोष्ट निघाली तेव्हा वकिलांनी मागच्या खोलीकडे हात केला. नदीची वाळू हवी होती, चाळलेली, बारा गाड्या. अठ्ठावीस तारखेच्या आत.

हे आठ दिवस त्यांनी नदीच्या पात्राशेजारी काढले. गाडीखाली घोंगडे, तीन दगडांची चूल. सकाळी थंडीने वाळू इतकी गार असे की बोटांची पेरे पांढरी पडत, आणि दुपारी तीच वाळू पायांना चटका देई. सुपडू फावड्याने टोपले भरी, मोतीबाई चाळणी हलवी. चाळणी तारेची होती, लाकडी चौकट तिने पोटाशी टेकवलेली असे, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या बरगडीखाली चौकटीच्या कडेची निळी रेघ उमटली. एका गाडीला चाळीस टोपली लागत. पात्रातून वर येताना उताराला चाके आसापर्यंत रुतत, तेव्हा ती मागून खांदा लावी आणि सुपडू जू खांद्याने उचलून धरी. बैलांपेक्षा तीच अधिक वेळा फेसाळली.

पाचव्या गाडीच्या दिवशी ती म्हणाली, "चैत्यानं नाव नको सांगा. बाकी पाचसनं सांगी द्या. ते पाच जन पैसा भरतीन, आपला बैल वाचतीन."

"सहा गाड्या लिख्यात. पाच सांग्यात ते सहावी कोनी इचारी."

"सांगा म्हनो, तीपन मगननी."

"आन् मगन कबूल व्हई?"

तिने चाळणी आपटली. गोटे उडाले. "मंग चूप बसा. वकीलसाहेब सांगस तसं. तुम्हले तेबी व्हवाव नही. तुम्हले कोन्ही 'कोन शे रे' म्हनं का तुम्ही 'मी' म्हनतस. झोपमाबी म्हनतस."

त्याने पुढचे टोपले भरले. हा आरोप खरा होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्याने झोपेत म्हटलेले 'मी' ऐकून तिने दिवा लावला होता.

शनिवारी सकाळी जिनावरून परतणाऱ्या रनाळ्याच्या गाड्या नदीच्या उतारावरून आल्या. सहा गाड्या. पुढे मगन, साट्याखाली कोणाचा तरी मागून आणलेला, काच तडकलेला कंदील, दिवस उजाडला तरी विझवलेला नव्हता. मगनने गाडी थांबवली नाही, फक्त कासरा सैल सोडला.

"काय सुपडूभाऊ! वकीलना घरनी माती वाही ऱ्हायनात का?"

"वाळू शे."

"वाळू ते वाळू. रात्रे आम्ही सम्दा अर्धी घडी आधी पोहोचनूत, बरं का. तुन्हा लाख्या जरा देवमानूस शे, हयूहयू चालस."

सुपडू गुडघाभर खड्ड्यात उभा होता. वरच्या उतारावरून जाणाऱ्या बैलांचे खूर त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर होते. गाड्या एकेक करून गेल्या. चैत्याने मात्र आपली गाडी बाजूला घेतली, उतरला, दोन टोपली भरून सुपडूच्या गाडीत टाकली आणि पळत जाऊन पुन्हा ओळीत शिरला. त्याच्यामागच्या गाडीवानाने त्याला शिवी दिली.

बारावी गाडी बुधवारी सव्वीस तारखेला दुपारी तीन वाजता वकिलांच्या मागच्या अंगणात रिकामी झाली. वकिलांनी वाळू मुठीत घेऊन दाबली, मूठ उघडली, हात झटकला. मातीचा डाग राहिला नाही. "उत्तम," ते म्हणाले. "वाक्य म्हण." सुपडूने ते म्हटले. एव्हाना ते त्याला पाठ झाले होते, पण म्हणताना तो पायांकडे पाही.

शुक्रवारी अठ्ठावीस तारखेला पुकारा बारा वाजून पंचवीस मिनिटांनी झाला. मोतीबाईला आत घेतले नाही. ती बाहेर पिंपळाच्या पारावर दोन्ही कासरे हाताला गुंडाळून बसली. याद केलेली जोडी त्याच दिवशी हजर करायची होती. सहाही गाडीवान कापूस उतरवून तेथेच आले होते, पण पारापासून वीस पावले दूर. चैत्या आपल्या गाडीआड होता.

मॅजिस्ट्रेट साहेब पन्नाशीचे, गालांवर देवीचे व्रण असलेले गृहस्थ होते. त्यांनी चिठ्ठ्या स्वतः मोजल्या. नाक चोळले. मग हवालदाराने सांगितले, गाड्या सात, दिवा एक, नाव विचारले असता आरोपीने सर्व गाड्या आपल्या असे सांगितले.

प्रेमचंद वकील उठले. त्यांनी वेळ वाचली, मैल वाचला, नाव वाचले, आणि चिठ्ठ्या एकेक करून टेबलावर अशा ठेवल्या, की जणू सहा माणसे ओळीने बसवीत आहेत. कोर्टात हशा पिकला. कारकुनाने टाक खाली ठेवला. सुपडूला विचारले तेव्हा त्याने वाक्य म्हटले. बरोबर म्हटले. वकिलांनी मान हलवली.

"बाकीच्या गाड्यांवर कोण होते, हवालदार?" साहेबांनी विचारले.

"निजलेले होते साहेब. घोंगड्या होत्या. उठवले नाही."

"का?"

"याने सांगितले, गाड्या माझ्या."

साहेबांनी टाक दौतीत बुडवला. "एक माणूस सहा गाड्या हाकू शकत नाही. अठराही चिठ्ठ्या या आरोपीवर टिकत नाहीत. त्याला सोडावे लागेल."

वकिलांनी कोटाचे वरचे बटण सोडले. सुपडूच्या पाठीवरून घाम खाली उतरला. बाहेर लाख्याच्या गळ्यातली घंटा वाजली. ती त्याने ओळखली.

"परंतु," साहेब लिहिता लिहिता म्हणाले, "गाड्या होत्या आणि दिवे नव्हते. हवालदार, सोमवारी रनाळ्यास जा. त्या सहा गाड्यांवर त्या तीन रात्री कोण होते त्यांची नावे घ्या, आणि त्यांच्यावर स्वतंत्र खटले दाखल करा. पोलीस पाटलाला बरोबर घ्या. त्याची हजेरीची वहीही पाहा. गावात कोण होते, कोण नव्हते, ते तीवरून कळेल."

"जी."

सुपडूने वकिलांकडे पाहिले. वकील चिठ्ठ्यांना दोरा बांधीत होते. त्याने दाराकडे पाहिले. दारातून पाराचा अर्धा भाग दिसत होता, आणि मोतीबाईचा एक हात, त्यावर दुहेरी गुंडाळलेला कासरा.

"साहेब," तो म्हणाला.

वकिलांनी मान वर न करता त्याच्या पायावर पाय दिला. वकिलांच्या बुटाची टाच जाड होती.

"साहेब, गाड्या मन्ह्याच शेतस. कोन्हाले धाडू नका."

"तू सहा गाड्या एकट्याने हाकल्यास?"

"हाक्यात नहीत. त्या हाकन्या पडतच नहीत." तो थांबला. हे साऱ्या जगाला माहीत असलेले कसे सांगावे हे त्याला कळेना. मग त्याने दोन्ही हात पुढे केले, एकामागे एक. "हाई मन्ही गाडी. हाऊ मन्हा कंदील. मागला बैल कंदील देखस आन् चालस. त्याना मागला त्याले देखस. मानसे जपेल ऱ्हातस, त्यासले काय ठाऊक? मी थांबनू ते सात थांबतस. मी खड्डामा गऊ ते सात खड्डामा. त्या जपेल मानसनं नाव लिखीसन काय करशात, साहेब? जागा मी व्हतू."

"तेल कोणाचे जाळतोस?"

वकील पुटपुटले, "उत्तर देऊ नकोस."

"सम्दासनं," सुपडू म्हणाला. "हप्ताले एकेक पयी देतस. मन्हा मामालेबी देत. म्हनीसन जबाब मन्हा."

"म्हणजे सहा जणांनी तुला दिव्यासाठी तेल दिले, आणि तू दिवा एकच लावलास."

"हा."

प्रेमचंद वकील खाली बसले आणि त्यांनी टोपी काढून चिठ्ठ्यांवर ठेवली.

साहेब बराच वेळ सुपडूच्या हातांकडे पाहत होते. ते हात अजून एकामागे एक धरलेले होते. मग त्यांनी आधी लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली आणि पुन्हा लिहू लागले. चार मिनिटे टाकाचाच आवाज होता. नंतर त्यांनी वाचले. आरोपीने सातही गाड्यांच्या दिव्याची जबाबदारी पत्करल्याचे कबूल केले आहे. एक ओळ, एक दिवा, जागा माणूस एक. सबब प्रत्येक रात्रीचा गुन्हा एक. रात्री तीन. दंड प्रत्येकी पाच रुपये. दंड भरताच गाडी व बैल मोकळे. यापुढे प्रत्येक गाडीस स्वतंत्र दिवा. रनाळ्यास चौकशीचे कारण उरले नाही.

बाहेर आल्यावर वकिलांनी बुटांवरची धूळ झटकली. "पंचवीस वर्षांत सुटलेला माणूस आपल्या पायांनी परत पिंजऱ्यात गेलेला मी पाहिला नव्हता."

"चुकनं का, साहेब?"

वकिलांनी पाराकडे पाहिले. मग गाडीआड उभ्या असलेल्या चैत्याकडे. "चुकले," ते म्हणाले. "पण कोणासाठी ते तू मला आधी सांगायचे होतेस. मी दुसरे वाक्य शिकवले असते." आणि ते छत्री उघडून निघून गेले.

पंधरा रुपये सातांत भागत नाहीत. प्रत्येकाने दोन काढले. वरचा एक मोतीबाईने पदराच्या गाठीतून सोडला आणि सुपडूच्या हातावर ठेवताना तो दाबून ठेवला.

"कबूल नव्हतं व्हवानं," ती म्हणाली.

"हा."

"चैत्या घरमा उना का, त्याले जेवाले बठाडा." आणि ती बैलांना पाणी दाखवायला गेली.

मगनने आपले दोन रुपये देताना सुपडूकडे पाहिले नाही. "आते तेल कोन्ही देवाव नही, बरं का. ज्यानं त्यानं. हुकूमच शे."

"शे," सुपडू म्हणाला.

तेथून ते हबीबच्या दुकानी गेले. हबीब पत्र्याचे काम करी. पिंप कापून त्याचे कंदील, पोहरे, नळे बनवी. त्याने सहाही जणांना एकदम पायरी चढताना पाहिले आणि लाकडी हातोडा खाली ठेवला.

"छे कंदील? एक साथ? अरे भाई, किसकी बारात है?"

"सरकारनी," मगन म्हणाला.

हबीब हसला, पण हिशोबाने काम करणारा होता. त्याने प्रत्येक कंदील पेटवून दाखवला. दुकानात सहा वाती भर दुपारी जळू लागल्या आणि उकाडा झाला. एकीला काजळी येत होती. सुपडूने पुढे होऊन ती खाली केली, कात्रीने तिचे टोक सरळ कापले, पुन्हा वर केली. ज्योत स्थिर झाली. तो पुढच्या कंदिलाकडे वळला, तेव्हा त्या गाडीवानाने कंदील आपल्याकडे ओढून घेतला. "मी करस ना, भाऊ." सुपडूने कात्री हबीबला परत दिली.

चैत्याने सर्वांत लहान कंदील घेतला. रस्त्यात त्याने एकदाच विचारले, "दादा, दिवा व्हई ते पोलीस नाव इचारी का?"

"दिवा व्हई ते कसाले इचारी?"

सोमवार, एकतीस जानेवारी. सुपडूने बैल जुंपायला उशीर केला नव्हता. नेहमीच्याच वेळी, नेहमीप्रमाणे वात कापून, काच राखेने पुसून, तो गाडी घेऊन शिवेवर आला. पूर्वी बाकीचे तेथे त्याची वाट पाहत थांबत. त्या दिवशी मगन निघून गेला होता, आणि त्याच्यामागे आणखी तिघे. प्रत्येकाचा दिवा प्रत्येकाच्या साट्याखाली हलत होता. थांबायचे कोणाला कारण नव्हते. सुपडू चौथ्या गाडीमागे लागला. चैत्या त्याच्यामागे आला, आणि त्याच्यामागे सातवी.

पुढच्या गाडीचा उजेड सरळ सुपडूच्या डोळ्यांत येत होता. आपल्या बैलांना आता आपल्या जागण्याची गरज नाही हे त्याला कोसभरातच कळले. इतरांसारखे आपणही निजावे म्हणून त्याने बोचक्यांवर अंग टाकले, घोंगडी ओढली, कूस बदलली, घोंगडी काढली. पुढे कोठे खाचखळगा येतो ते त्याला डोळे मिटूनही ठाऊक होते. मगन ते चुकवतो की नाही हे तो चाकाच्या आवाजावरून ऐकत राहिला. दोन चुकवले. तिसऱ्यात चारही गाड्या गेल्या, आणि पाचवी त्याची.

पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी नवव्या मैलाच्या दगडापाशी पोलीस उभा होता. सुपडू उठून बसला. त्याने पागोटे नीट केले, घसा साफ केला. पोलिसाने हातातली काठी वर केली, पण ती थांबवण्यासाठी नव्हती. तो काठीच्या टोकाने गाड्या मोजत होता. दिवे सात होते. त्याने कोणालाच काही विचारले नाही. चैत्याची गाडी त्याच्यासमोरून गेली तेव्हा तो विडी पेटवीत होता.

सूर्य निघाला तेव्हा गाड्या जिनाच्या काट्यावर ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने लागल्या. सुपडूचा नंबर पाचवा.